पाच-एवर डोळा

जॅक्सन हाइट्समधल्या आमच्या बिल्डिंगीत ओमायरा बेदोयाला तिच्या तब्येतीबद्दल कुणी विचारत नाही. "नुबिया कशी आहे?" एवढंच विचारतात आणि ओमायराचा चेहरा बघून काय ते समजून घेतात. नुबियाचं बरं चाललं असलं की हिचं पित्त खवळलेलं असतं. नुबियाला सर्दी झाली की ही गुणगुणत जिना चढते.

दोघी कोलंबियातल्या पेरेरा गावच्या, एकाच गल्लीतल्या. न्यूयॉर्कला आल्या त्याही एकीमागून एक, आणि याच बिल्डिंगीत भाडेकरू म्हणून राहिल्या. पुढे मालकाने बिल्डिंग को-ऑप करायची ठरवली. म्हणजे राहणाऱ्यांनी सोसायटीचे शेअर घ्यायचे आणि घराचे मालक व्हायचं. नुबियाचा नवरा हायरो (देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, आता तो नाही) मेहुण्याचे पाय धरून पैसे घेऊन आला आणि पाचव्या मजल्यावरचं पाच-ए घेऊन मोकळा झाला. दोन बेडरूम, कोपऱ्याचं घर, एका अंगाला बिल्डिंगीच्या पोटातली बाग आणि दुसऱ्या अंगाला सदतिसावा रस्ता, त्यावरची दुकानं, फळवाले, मिरवणुका. ओमायराचा नवरा एव्हेलियो मात्र शहाणा. "हा मालकाचा डाव आहे," तो म्हणाला. "जरा थांबू. भाव कोसळणार बघ." भाव कोसळले नाहीत. उरलंसुरलं जे मिळालं ते दोन-एफ, एका बेडरूमचं, मागच्या अंगाचं आणि खिडकीखाली कचऱ्याचे डबे असलेलं. तेव्हापासून एव्हेलियोने घरात कशावरही मत दिलं की ओमायरा फक्त छताकडे, पाच-एच्या दिशेने, बोट दाखवते. तो बिचारा पेपरात डोकं घालतो.

एवढी वर्षं अशी गेली. मग एका सकाळी बेकरीच्या रांगेत नुबिया म्हणाली, "ऐकलंस का, मी घर विकतेय. ऑरलँडोला लेकीकडे जाते. तिला जुळं झालंय ना."

ओमायराच्या हातातला पाव चेपला गेला. "छान की," ती म्हणाली.

काळजातला काटा आपल्या पायांनी फ्लॉरिडाला निघाला होता. खरं तर पेढे वाटायचे. पण घरी येऊन ती धुमसत बसली. "आता ही विकणार. पोतंभर पैसे घेणार. तिथे पोहायच्या तलावाकाठी पाय सोडून बसणार. आणि इथे कोण येणार? कुणीतरी काल जन्मलेली पोर येणार आणि त्या खिडकीत बसून कॉफी पिणार!"

एव्हेलियो म्हणाला, "मला वाटतं..."

तिने छताकडे बोट केलं.

रविवारी घर सगळ्यांना बघायला उघडं ठेवलं होतं. एजंटने नुबियाचं जुनं सामान गोदामात टाकून भाड्याचं आणलं होतं. पांढरा सोफा, काचेच्या भांड्यात लिंबं, आणि खोली मोठी दिसावी म्हणून पोराटोरांच्या मापाचा पलंग. ओमायरा काळा चष्मा आणि लेकीचा रेनकोट घालून गिऱ्हाइकांत घुसली. घर बघून ती आधी लिंबाच्या भांड्याला धरून उभी राहिली. मग ती कामाला लागली.

"तुम्हीपण घ्यायला आलात?" ती एका जोडप्याच्या कानाशी लागली. "मी तर विचार सोडून दिला. हिवाळ्यात तो हीटर असा ठणठण वाजतो, जणू आत कुणाला कोंडलंय."

दुसरीला ती म्हणाली, "खालच्या हॉटेलातला तळणीचा वास तुम्हाला आवडतो ना? मग काही प्रश्न नाही."

तिसऱ्याला काही सांगितलंच नाही. नुसतं ओट्याखाली वाकून पाहिलं, "अगं आई गं!" म्हणाली आणि छातीवर क्रूसाची खूण करून निघून गेली.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. गिऱ्हाइकं नाकं मुरडून परत जाऊ लागली. एजंटने भाव उतरवला आणि पुन्हा उतरवला. ओमायराचा चेहरा असा टवटवीत झाला की आम्हाला वाटलं, नुबिया दवाखान्यात आहे.

आणि एके दिवशी उतरलेला भाव बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन-एफ विकलं, आयुष्यभराची शिल्लक मोडली, तर हे घर आपल्याच आवाक्यात आहे! ती तशीच चपला घालून पाचव्या मजल्यावर गेली आणि मागणी घातली. नुबिया तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "दिलं."

घासाघीस नाही, नखरे नाहीत. ओमायराला तेही थोडं झोंबलं.

आता को-ऑपमध्ये विकणाऱ्याने दिलं म्हणून घर मिळत नाही. कमिटीसमोर जाऊन बसावं लागतं. कमिटी हो म्हणते किंवा नाही म्हणते, आणि नाही का म्हटलं ते सांगत नाही. या कमिटीत ओमायरा स्वतः कैक वर्षं बसलेली. आलेल्यांना घाम फोडणं हा तिचा विरंगुळा होता. या वेळी तिला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची जरा डुगडुगते हे तिला पहिल्यांदाच कळलं.

समोर मॉर्टी ग्लिक्समन, फियोना डेव्हलिन आणि खजिनदार. तिघंही एका बेडरूमच्या घरात राहणारे.

"मिसेस बेदोया," मॉर्टी घसा खाकरून म्हणाला, "तुम्ही दोघंच. मग दुसरी बेडरूम कशाला?"

"पाहुणे येतात."

"पाहुणे!" फियोना म्हणाली. "म्हणजे वर्दळ. रात्रीअपरात्री नाचगाणी होणार का?"

"अगं फियोना, तू माझ्याकडे दर नाताळला जेवतेस!"

"म्हणूनच विचारतेय," फियोना शांतपणे म्हणाली.

दोन दिवसांनी नकार आला. कारण दिलं नव्हतं. पण ते कमिटीबाहेर कुणाला ठाऊक नसलं तरी ओमायराला ठाऊक होतं. मागे एकाने स्वस्तात घर विकलं, तेव्हा सगळ्यांच्या घरांचा भाव बसतो म्हणून कमिटीत टेबल बडवून तिनेच ठराव करून घेतला होता, की फार पडत्या भावाची विक्री मंजूर करायची नाही. भाव कुणी पाडला तेही तिला ठाऊक होतं.

ती वर गेली. नुबियाने तिला पांढऱ्या सोफ्यावर बसवलं आणि काळी कॉफी दिली.

"नाही म्हणाले," ओमायरा म्हणाली.

"कळलं मला. सांडशील हं, भाड्याचा सोफा आहे." नुबिया समोर बसली. "दर रविवारी एक काळ्या चष्म्याची बाई येते आणि ओट्याखाली बघून देवाचं नाव घेते, असं एजंट सांगत होती. मी म्हटलं, असू दे, ती आमच्यातलीच आहे."

ओमायराची मान खाली गेली, पण क्षणभरच. "माहीत होतं तर मला घर कसं दिलंस?"

"इथे कुणी परकी बाई झोपणार, माझ्या खिडकीत बसणार, याचा विचार आला की माझ्या अंगाची आग व्हायची. तू स्वतःचं नाव काढलंस तेव्हा नाही झाली. तू काय, एवढी वर्षं मनाने इथेच तर राहत होतीस. भाडं तेवढं दिलं नाहीस."

ओमायराला हसू आलं आणि रडूही. मग नाक शिंकरून ती म्हणाली, "आता?"

"आता काय, मला नातवंडांकडे जायचंय. तू माझा भाव पाडलास, तूच वर चढव. या रविवारी ये. चष्म्याशिवाय ये."

ती आली. आणि बायांनो, काय सांगू! एजंट कोपऱ्यात उभी राहून बघतच राहिली. मे महिन्यात दुपारचं ऊन स्वयंपाकघरातून सरकत बेडरूमच्या कोणत्या भिंतीवर येतं, बागेतलं मॅग्नोलिया फुललं की ते बिछान्यातून कसं दिसतं, मिरवणुकीच्या दिवशी खिडकीत बसलं की ढोल छातीत कसा वाजतो, रविवारी खालून भाजलेल्या मक्याचा वास कसा येतो... ओमायरा खोलीखोलीतून सांगत फिरत होती आणि गिऱ्हाइकं तोंड उघडं टाकून तिच्या मागे. नुबियाला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. तिला त्या घराचा हेवा कधी करावाच लागला नव्हता ना! संध्याकाळी तीन मागण्या आल्या, तिन्ही मूळ भावाच्या वर.

घर मिळालं मारिसेल दिमागिबा नावाच्या जनावरांच्या डॉक्टरीण बाईला. कमिटीत ओमायरा पुन्हा आपल्या बाजूच्या खुर्चीत बसली. बाईला घाम फुटायची सगळ्यांनी वाट पाहिली. ओमायराने एकही प्रश्न विचारला नाही. मॉर्टी हात वर करायच्या आधी तिचा हात वर गेला होता.

नुबिया गेली त्या दिवशी दोघी दारात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पुढचे काही आठवडे ओमायरा अशी मलूल झाली की एव्हेलियोने डॉक्टरांचं नाव काढलं. तिने छताकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. तो घाबरलाच.

शेवटी एका शनिवारी तिने पेरूची वडी आणि चीज ताटलीत घातलं आणि नवीन शेजारणीला भेटायला वर गेली. तासाभराने परत आली ती गाल लाल, डोळ्यांत तेज, पाय आपटत.

"काय गं, कशी आहे बाई?" एव्हेलियोने भीतभीत विचारलं.

"कपडे धुवायचं मशीन बसवतेय! घरात! आपण सगळ्यांनी गाठोडी घेऊन तळघरात जायचं, नाणी घालायची, दुसऱ्याचे मोजे धुऊन व्हायची वाट बघायची, आणि ही राणी न्हाणीघराशेजारी बटण दाबणार! कमिटीची परवानगीपण काढलीय. मॉर्टीने दिली. मला न विचारता! बाई कशी आहे विचारतोस? मशीन कसं आहे ते विचार! पांढरंशुभ्र आहे. दार उघडलं की गाणं म्हणतं!"

"मला वाटतं..." एव्हेलियो म्हणाला.

ओमायराचं बोट झटक्यात छताकडे गेलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.