दहा पावलं मागे

केंद्रातून माझ्याकडे आतापर्यंत सहा शिकाऊ आले. दृष्टी गेलेल्या माणसाला एकट्याने जगायला शिकवायचं, याचा म्हणे वर्षभराचा अभ्यासक्रम असतो, आणि हात बसावा म्हणून त्यांना एक जिवंत माणूस लागतं. ते माणूस म्हणजे मी. पहिला माझ्याशी इतक्या मोठ्याने बोलायचा, की शेजारीण दार उघडून बघायची. माझे डोळे गेलेत, कान नाहीत, एवढं त्याच्या पुस्तकात दिलेलं नसावं. दुसरी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली आणि मलाच तिला पाणी द्यावं लागलं. मधल्या तिघांची आठवण ठेवण्यासारखं काही नाही. सहावी ही हातधरी.

हे नाव मी ठेवलं आणि तोंडावर म्हणते. अडतीस वर्षांची बाई, अकरा वर्षं शाळेच्या बसवर मदतनीस होती. मुलं उतरवायची, हात धरायचा, रस्ता ओलांडून द्यायचा. ते सोडून इकडे आली. पहिल्याच दिवशी तिने काय करावं? माझ्याच घरात, माझ्याच दंडाला धरून, मला माझ्याच खुर्चीवर नेऊन बसवलं. वर विचारते, "बाई, नीट बसलात ना?"

मी म्हटलं, "त्रेसष्ट वर्षं बसतेय. जमतं."

मी चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मुलींच्या हातांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, बघायचं नाही, बोटांना ठाऊक असतं. पुढे काचबिंदूने माझ्यावरच कायमचा रुमाल टाकला. आणि न बघता कसं जगायचं ते मला कोण शिकवणार, तर बसमधली बाई!

शिकवायची मात्र मन लावून, हे कबूल केलं पाहिजे. गॅसच्या बटणावर मेणाचा ठिपका कुठे लावायचा, कप भरताना काठावर बोट कसं ठेवायचं, पांढरी काठी पावलाच्या उलट बाजूला कशी टेकवायची. शिकवता शिकवता काठी माझ्या हातात आणि माझा हात तिच्या हातात. "सोड," मी ओरडायची. ती सोडायची. दोन मिनिटांनी पुन्हा पकड. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

एकदा मी तिला खडसावून विचारलं, की हात धरायचा एवढा सोस आहे तर बस का सोडलीस. कप विसळता विसळता तिने सांगितलं. तिच्या वडिलांची दृष्टी गेली, तेव्हा तिने सहा वर्षं त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं. आंघोळ, बटणं, सगळं तीच. खुर्चीतून उठू दिलं नाही. ते गेल्यावर कोणाकडून तरी तिला या केंद्राबद्दल कळलं, आणि हेही कळलं, की वडील स्वतःच्या हाताने जेवू शकले असते.

"मी त्यांना जेवूच दिलं नाही, बाई," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला कप घेतला, पुसला आणि जागेवर ठेवला.

या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा साधी आहे आणि म्हणूनच भयंकर. आंधळ्या माणसाने घरातून निघून ठरलेल्या ठिकाणी एकट्याने पोचायचं. शिकाऊने दहा पावलं मागे राहायचं. बोलायचं नाही, शिवायचं नाही, जीवावर बेतलं तरच पुढे व्हायचं. पहिल्या खेपेला एका गाडीने हॉर्न दिला, आणि या बाईने धावत येऊन मला कवटाळलं. नापास. दुसऱ्यांदा नापास झाली की नाव कायमचं कमी होतं. बसवर परत जायचीही सोय नव्हती, तिच्या जागी दुसरी आली होती.

दुसऱ्या खेपेला परीक्षा घ्यायला केंद्राच्या प्रमुख मॅडम स्वतः आल्या. आधी अत्तर आलं, मग त्या आल्या. आंधळ्यांच्या स्वावलंबनावर तासभर भाषण ठोकतात असा त्यांचा लौकिक. माझ्या घरात बसून त्यांनी हातधरीला विचारलं, "यांना चहात साखर चालते का?" मी तीन फुटांवर होते. "यांना विचारा," मी म्हटलं, "या घरीच आहेत."

जायचं होतं औषधांच्या दुकानात. फाटकातून डावीकडे, फुटपाथने भिंतीच्या कडेकडेने, मग उजवीकडे वळून सिग्नलला रस्ता ओलांडायचा. नऊ मिनिटांचं काम. मी निघाले, मागून ती आणि मॅडम. काठी सफाईने चालत होती. जरा जास्तच सफाईने. रोज आडवी येणारी सायकल नाही, कुंड्या नाहीत. आज नगरपालिकेला माझा वाढदिवस कळला की काय, असं वाटलं. तशीच पुढे गेले. बरीच पुढे गेले. मग पायाखाली पाणी लागलं, साबणाचा वास आला आणि कोणीतरी ओरडलं, "ओ आजी, इथे कुठे? गाड्या धुतोय!"

मी चुकले होते. रोज ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावर.

कोणत्या बाजूला तोंड आहे तेही कळेना. दहा पावलांवर ती बया उभी होती आणि तिचा एक शब्द नाही. तीन महिने धर म्हणायच्या आधी धरत होती, आणि आज मूग गिळून बसली. मनातल्या मनात मी तिला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या नवऱ्यालाही दिल्या नव्हत्या. मग वाटलं, आता हिच्या नावाने बोटं मोडत उभी राहिले तर रात्र होईल. पाण्याचा फवारा उजव्या कानाला होता. त्याला पाठ केली. भिंत शोधली, आता उजव्या हाताला. भिंतीने परत, सिग्नलची टिकटिक ऐकू येईपर्यंत. गाड्या थांबल्याचा आवाज, मग ओलांडलं. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर काठी टेकली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

मॅडम खूश. "वा! किती संयम! एकदाही पुढे झाली नाही."

मी परत निघाले ते थेट किल्लीवाल्याकडे. फुटपाथवर त्याची पत्र्याची पाटी असते. काठी लागली की खणकन वाजते, आणि तिथे मी उजवीकडे वळते. "तुझी पाटी कुठाय रे?"

"तुमच्या ताईंनी काल संध्याकाळी आत ठेवायला सांगितली. म्हणाल्या, आजींच्या नडगीला लागते. कुंड्यापण त्यांनीच सरकवल्या."

म्हणजे बाईसाहेबांनी माझा हात सोडला आणि रस्त्याचा धरला! ती पाटी माझी खूण आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, हे खरं. तिने विचारलंही नव्हतं.

घरी मॅडमनी फॉर्म काढला. शेवटचा प्रश्न मला होता. "परीक्षेदरम्यान विद्यार्थिनीने कोणतीही मदत केली का? हो किंवा नाही. लवकर सांगा, खाली गाडी उभी आहे."

मी तोंड उघडायच्या आत हातधरी बोलली. "हो. केली. रस्त्यातली पाटी मी काढायला लावली होती. माझ्यामुळे बाई चुकल्या." आवाज फुटका झाला होता. "त्या पाण्यात उभ्या होत्या तेव्हा मी स्वतःचंच मनगट धरून ठेवलं होतं. नापास लिहा."

मी हात पुढे केला. तिने मनगट दिलं. नखांचे चार खळगे होते, खोल, अजून ओलसर. सहा वर्षं बापाला भरवणारी बाई मला पाण्यात भेलकांडताना बघत उभी राहिली होती, आणि तिने स्वतःला जागचं हलू दिलं नव्हतं.

"काय लिहू मग?" मॅडम.

"'नाही' लिहा."

"पण ती तर म्हणतेय—"

"तिला काय कळतंय! मदतीने माणूस पोचतं, मी हिच्यामुळे गटारात जायची. तिने माझा रस्ता चोरला. तुमच्या फॉर्ममध्ये चोरीचा रकाना आहे का? नाही ना? मग मदत, नाही."

मॅडमनी लिहिलं. गाडी उभी होती ना. मी माझ्या हाताने सही केली. हातधरी रडायला लागली, तेव्हा तिला सांगितलं, की रडायचं असेल तर जिन्यात जा, माझं घर दुसरीने आधीच एकदा भिजवलंय.

आता तिला नोकरी लागली आहे. पहिलंच काम एका सुताराकडे, गेल्या वर्षी दृष्टी गेलेला. परवा तिथूनच तिचा फोन आला, हलक्या आवाजात. "बाई, यांच्या दारातच एक स्टूल आहे. मला सारखं वाटतंय, कोणीतरी अडखळेल. कुठे ठेवू?"

"त्यांना विचार," मी म्हटलं.

फोन तसाच चालू राहिला. पलीकडून तिने विचारलेलं ऐकू आलं, आणि मग एका माणसाचा जाड, चिडका आवाज, "आहे तिथेच राहू द्या."