नीनानं दोर सोडला नव्हता

माझ्या मुलीचं नाव मी एका सिनेमावरून ठेवलंय, आणि त्या सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही. ही गोष्ट मी चोवीस वर्षं घरात कुणाला कळू दिली नव्हती. गेल्या महिन्यात अकोल्याच्या एका थिएटरात ती चारचौघांत बाहेर आली.

मी सातवीत होतो. आमच्या हिवरखेडला यात्रेच्या दिवसांत व्हिडिओवाला यायचा. ताडपत्रीचा तंबू, बाहेर जनरेटर आणि आत एक टीव्ही, ज्यातली सगळी माणसं थोडी हिरवी दिसायची. तिथं भरदुपारी मी दोरवाल्या कप्तानाचा सिनेमा पाहिला. खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन हा माणूस कुठल्याही दरीत, गुहेत, भुयारात बिनधास्त उतरायचा. शेवटी कप्तान कड्याला लोंबकळतोय, खाली मगरी, आणि वर दोर धरून उभी त्याची जोडीदारीण नीना. नीना दोराकडे पाहते, आणि तेवढ्यात तंबूबाहेर कुणीतरी ओरडलं, "लाईन आली!"

शेतीची वीज कधी येईल याचा भरवसा नसायचा. आली की मोटर सुरू करायला पळायचं, सिनेमा गेला उडत. अर्धा तंबू उठला. बाबांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मानगुटीला धरून शेतात नेलं. परत आलो तेव्हा व्हिडिओवाला तंबू गुंडाळून पुढच्या गावाला गेला होता.

मग गव्हाला पाणी देता देता शेवट आम्हीच ठरवला. नीनाचे हात सोलवटले, रक्त आलं, पण तिनं दोर सोडला नाही. दादाला पुढं त्या दोघांचं लग्नही हवं होतं. ते मी साफ नाकारलं. (लग्नानं सिनेमा लांबतो.)

पुढं मी अमरावतीला राजापेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं आणि हा शेवट शेकडो गिऱ्हाइकांना सांगितला. मुलगी झाली तेव्हा आईला 'कुसुम' हवं होतं, मी 'नीना'साठी दोन दिवस जेवलो नाही. (दुकानात कचोरी खात होतो, पण घरी जेवलो नाही.) नीना बारावीत असताना फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी पुस्तक फेकून रडत बसली. तेव्हाही मी तिच्याजवळ बसून तेच म्हणालो, "बेटा, नीनानं दोर सोडला नव्हता." तिनं डोळे पुसले आणि पुस्तक उचललं. माझ्या आयुष्यात मी दिलेला एकमेव उपदेश कामी आला, तो हा.

आणि आता इतक्या वर्षांनी दुसरा भाग आला. कप्तान सत्तरी ओलांडलेला.

"या वयात दोर कशाला? घरी बसावं माणसानं," मी म्हणालो.

"तुमी बसता का?" माझी बायको संध्या म्हणाली. तिकिटं तिनंच काढली. दादाला हिवरखेडहून अकोला जवळ, म्हणून त्याला तिथंच बोलावलं आणि संध्या, नीना आणि मी अमरावतीहून अकोल्याला गेलो.

दिवे मालवायच्या आधीच मी मागच्या रांगेलाही नीनाच्या नावाची गोष्ट सांगून टाकली होती. सुरुवातीलाच त्यांनी मागचा भाग थोडक्यात दाखवला. कॉम्प्युटरनं कप्तानाचा चेहरा इतका तरुण केला होता की तो लग्नाच्या अल्बममधला नवरदेव वाटत होता. कडा आला, मगरी आल्या, नीना आली. नीनानं दोराकडे पाहिलं, कमरेचा सुरा काढला, शांतपणे दोर कापला आणि सोन्याची मूर्ती काखेत मारून निघून गेली.

"अहो, हे काय?" संध्या म्हणाली.

"बदललं यांनी," मी म्हणालो. "नवीन लोक कशाचीही वाट लावतात."

दादा फार सरळ माणूस आहे. "बदलन कायले बे?" तो मोठ्यानं म्हणाला. "आपन पायलंच कुठी होतं? लाईन नोती का आली! तो शेवट तं आपन वावरात बसून जमवला."

मागच्या रांगेतून आवाज आला, "मंग काका, पोरीचं नाव कायच्यावरून ठेवलं?"

नीना माझ्या शेजारीच होती. तिनं समोर पाहतच विचारलं, "पप्पा, बारावीतही?"

"हो," मी म्हणालो. तिनं पॉपकॉर्नचा डबा स्वतःकडे ओढून घेतला. पुढचा अर्धा तास मी पडदा पाहिला, पण मला तिच्याच चावण्याचा आवाज येत होता.

सिनेमाबद्दल खरं सांगायचं तर निम्मा भिकार होता. भुयारं खोटी, मगरी खोट्या, उड्या तर सरळसरळ दुसऱ्याच कुणाच्या. पण एके ठिकाणी कप्तान गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठला आणि त्यानं दोराचं वेटोळं खांद्यावर चढवलं. तेव्हा दादा आणि मी एकदमच ताठ बसलो. माझे डोळे भरून आले, आणि मी ते एसीवर ढकललं.

शेवटी पुन्हा तोच कडा. कप्तान लोंबकळतोय, आणि वर, केस पांढरे झालेली नीना. ती दोराकडे पाहते, आणि तेवढ्यात दादाच्या खिशातून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, "थ्री फेज लाईन आलेली आहे. मोटर बंद आहे."

दादानं शेतातल्या मोटरला फोन जोडून घेतला आहे, आकडे दाबले की मोटर लांबूनच सुरू होते; ही त्यातली बाई. दादा उठला. त्याचं हरभऱ्याचं शेत आहे, त्यानं उठणं बरोबरच. पण मीही उठलो. तीस वर्षं वह्या विकतोय, नावावर एक वाफा नाही, तरी लोकांचे पाय तुडवत मी दादाच्याही पुढं दाराबाहेर पोचलो.

"तू काहून आला बे?" दादानं विचारलं. मग त्याचा चष्मा आतच राहिला म्हणून मोटरचे आकडे मीच दाबले. मोटर सुरू झाली आणि थिएटरची दारं उघडून लोक बाहेर आले.

नीना आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काय झालं गं?" मी भीतभीतच विचारलं.

"तिनं सुरा फेकून देल्ला," ती म्हणाली. "दोर धरला. हात सोलवटले, रक्त आलं, पन सोडला नाई."

"खरंच?"

"हाओ पप्पा."

संध्या पदर तोंडाला लावून भलतीकडंच पाहत होती. मागच्या रांगेतला तो माणूस जाता जाता खो खो हसत होता.

आता मी दुकानात गिऱ्हाइकांना दुसऱ्या भागाचाही शेवट सांगतो. तो सिनेमा राजापेठेपासून दहा मिनिटांवर अजून चालू आहे, पण मी काही तिकडं फिरकत नाही. परवा दादाचा फोन आला. हरभरा चांगला आहे म्हणाला, आणि मग हळूच विचारलं, "काहून रे, शेवटी त्याइचं लगन झालं का?"

झालं, म्हटलं. खूप थाटात झालं.