म्हातारीच्या माजघरातली डांगरं

धरणाचं पाणी माघात मागे सरलं की सुगंधाबाईचं सासर वर येतं. आधी मारुतीच्या देवळाचा चौथरा, मग विहिरीचं तोंड, मग तिच्या घराचा दगडी ओटा. बाकी सगळा गाळ. त्या गाळात दरवर्षी डांगरं लावायची, म्हणजे खरबुजं, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी सावद्याच्या बाजारात न्यायची, यावर बाईचं पोट. गाव बुडालं तरी गाळपेरीचा हक्क बुडालेल्यांनाच मिळाला, एवढी एक मेहेरबानी सरकारने केली होती.

ओट्यामागे जिथे माजघर होतं, ती जागा मात्र तिने कधी पेरली नाही.

गाव उठलं त्या दिवशी सगळं ट्रकमध्ये चढलं. जातं चढलं, बैलांची दावी चढली, उंबऱ्यासकट दाराची चौकट चढली. सासू तेवढी चढली नाही. देवळात दिवा लावून येते म्हणून गेली, ती गेलीच. खूप शोधलं, खूप हाका मारल्या, पाणी तर रोज चढत होतं. म्हातारी कुणाला सापडली नाही. सुगंधाबाईचा नवरा उखर्डू मरेपर्यंत एकच बोलला, "माय मेली हे कोनं पाह्यलं?" त्याच्यापुढे कोण बोलणार? आखाजीला सकाळी पितरांच्या नावाने उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात, पाणी सोडतात. त्यात म्हातारीचं बोट कधी ओढलं गेलं नाही. पुढे उखर्डूच्या नावाचं ओढावं लागलं, तरी त्याच्या आईचं नाहीच.

मेली नाही, तर मग आहे कुठे? सुगंधाबाईपुरतं याचं उत्तर पक्कं होतं. गाळात काम करताना दिवस कलला की माजघराच्या बाजूने हाक यायची, "सुगंधा, पानी दे वं." आवाज तोच, जरासा घोगरा, जरासा रुसलेला. बाईच्या अंगावर काटा यायचा. खुरपं तिथेच टाकून ती काठाकडे पळत सुटायची आणि सकाळी निमूटपणे परत यायची, कारण पोटाला भुतांची भीती नसते. तेवढी जागा म्हातारीची, असं मनाशी ठरवून तिने सोडून दिली होती.

नव्या गावठाणाला लागून शालिग्रामभाऊंचं गाव. धरणग्रस्त राहायला आले तेव्हा त्या गावाने काही ओवाळून घेतलं नव्हतं. आता विहिरीचं पाणी वाटून घ्या, गायरान वाटून घ्या, अशी कुरकुर घरोघरी चालायची. शालिग्रामभाऊंनी मात्र पहिल्याच आठवड्यात सुगंधाबाईला केळीच्या बागेत काम दिलं, बांधालगत भाजीपाल्याला जागा दिली, आणि वर उपकाराची भाषा कधी केली नाही. गेल्या जूनमध्ये वादळ झालं आणि त्यांची कापणीला आलेली केळी एका दुपारी आडवी झाली. सत्तरीचा माणूस बागेच्या कडेला नुसता बसून राहिला. ते सुगंधाबाईला बघवेना.

"भाऊ, औंदा गाळात मायासंगं चला," ती म्हणाली. "अर्धं तुमचं, अर्धं मायं."

पण यंदा पाणी हटायलाच तयार नव्हतं. बाकीची सगळी वावरं बुडालेलीच राहिली. उघडा पडला तो फक्त बुडालेल्या गावठाणाचा उंचवटा. ओट्याच्या अलीकडे एका घराचं पोट भरेल एवढीच जागा होती. दुसरं घर जगवायचं तर माजघर खणायला हवं होतं.

 शालिग्रामभाऊंनी त्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून अलीकडेच आळी करायला घेतली. त्यांनी मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. न मागणाऱ्याला नाही कसं म्हणणार?

"माजघर मी खनते," ती म्हणाली. "तुमी हात नका लावू."

एकेक आळं तिने हाताने उकरलं. हाड लागेल, म्हातारीच्या हातातला चांदीचा गोठ लागेल, या धास्तीने ती मूठमूठ गाळ चाचपत होती. काही निघू नये म्हणून देवाला विनवत होती. आणि खरंच काही निघालं नाही. नुसता मऊ, काळा गाळ. तिने पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात घालून पाहिला. इतकी वर्षं राखली ती जागा रिकामीच होती. मग म्हातारी गेली कुठे? दिवस कलला, आणि हाक आली ती तिथूनच, नुकत्याच खणलेल्या आळ्यांच्या बाजूने.

डांगरं अशी धरली की वेलाला पान दिसेना. दोन्ही घरांची चूल सावरली. आखाजीच्या सकाळी शालिग्रामभाऊ अंघोळ करून सुगंधाबाईच्या दारात येऊन उभे राहिले.

"अक्का, तुमच्या सासूचं नाव काय व्हतं?"

"काहून, भाऊ?"

"पितरांची घागर भरली. तिच्यावर माजघरातलं डांगर ठेवलं. जिच्या घरात पिकलं तिले आमच्या उंबऱ्यावर पानी नको का? बोट वढतो, पन नाव मायीत नही."

सासूचं नाव सुगंधाबाईने जन्मात उच्चारलं नव्हतं. सुनेने उच्चारायचंही नसतं. आणि आज ते उच्चारणं म्हणजे म्हातारी मेली असं आपल्या तोंडाने सांगणं. तिने खाली पाहिलं. पायाशी जुन्या घरातून आणलेला तोच उंबरा होता. उखर्डूने मारलं तरी चालेल, असं तिला क्षणभर वाटलं, पण मारायला उखर्डू कुठे होता?

"नर्मदाबाई," ती म्हणाली.

भाऊ ते नाव पुटपुटत, विसरू नये म्हणून परत परत पुटपुटत, घराकडे गेले. सुगंधाबाईने कुंकू कालवलं आणि उखर्डूच्या बोटाशेजारी त्याच्या आईचं बोट ओढलं. पाणी सोडलं. मग पोटभर रडली.

दिवस कलायच्या आत ती तांब्याभर पाणी घेऊन गाळात गेली आणि माजघरात वेलांमध्ये बसली. सूर्य पाण्यापलीकडे टेकला. हाक आली नाही. जिला इतकी वर्षं भ्यायली तिच्यासाठी आता ती जिवाचा कान करून बसली होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "पानी आनलं."

कुणी ओ दिली नाही.