बाबांच्या वर्कशॉपचा वारस

हडपसरला बाबांचं वर्कशॉप होतं. तिथे इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी पत्र्याचे बॉक्स बनत. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे जाऊ लागले आणि लग्नानंतरही जात राहिले, एकूण अकरा वर्षं. ड्रॉइंग, कोटेशन, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं माझ्याकडे होतं.

मग धाकट्या भावाची आयटीतली नोकरी गेली. पुढच्याच सोमवारी बाबांनी चहाच्या सुट्टीत सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि सांगितलं, "आजपासून धंदा हा बघणार." मलाही ते तेव्हाच कळलं, कामगारांबरोबर, हातात चहाचा कप असताना.

संध्याकाळी माहेरी जाऊन मी विचारलं, "बाबा, आणि मी?"

"तू आहेसच की. तू कुठे जाणार आहेस?"

चार महिने मी भावाला काम शिकवलं. पत्र्याची जाडी हाताला कळायला हवी, हे त्याला पटत नव्हतं. त्याने भिंतीवर इंग्रजीत 'आपण सगळे एक कुटुंब' असा बोर्ड लावला आणि त्याच आठवड्यात वीस वर्षं काम करणाऱ्या फिटरना व्हॉट्सॲपवर कामावरून काढलं. मी बाबांकडे गेले. "तुम्ही बोला त्याच्याशी."

"शिकू दे त्याला. चुकेल, सुधारेल."

माझी चूक त्यांनी कधी अशी पोटात घातली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. फुरसुंगीला भाड्याने शेड घेतली, त्या फिटरना बोलावलं आणि बाबांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मुद्दाम, स्वतः जाऊन माझ्याकडे वळवलं. दोन वर्षांत बाबांचं वर्कशॉप बंद पडलं.

त्यानंतर बाबा एकदाच शेडवर आले. तयार बॉक्सच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. नावं ठेवायला काही सापडलं नाही.

"भावाला इथे घे," ते म्हणाले.

"त्याला काम येत नाही, बाबा."

"तुला तरी कुठे येत होतं? मी शिकवलं."

"हो. तुम्हीच शिकवलंत."

"मग त्याला तू शिकव."

"एकदा शिकवलं," मी म्हणाले.

चहा तसाच ठेवून ते उठले. त्यांची पाठ बघताना आपण जिंकलो असं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. मी त्यांचा कप विसळून ठेवला.

भावाला पुन्हा नोकरी लागली. आई फोन करते, बाबा करत नाहीत. परवा कोथरूडला एका लग्नात त्यांनी कुणाला तरी माझी ओळख करून दिली, "ही आमची मुलगी. हिचे मिस्टर बँकेत असतात."