चाचणीच्या बोर्डावरचं लाल बटण

उपग्रहातल्या छोट्या संगणकासाठी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. ही सिस्टिम प्रत्येक काम ठरल्या क्षणालाच करून घेते. ती अडकली की अख्खा उपग्रह गेला. आणि बेळगावातल्या आमच्या कारखान्यात जो तो म्हणायचा, "एवढं काय घाबरतीस गं? एक निवड की!" ह्यांचं काय जातंय? सही माझी होती.

शेवटी दोन उरल्या. एक बाहेर कडक तपासलेली, पण आम्हाला नवी. दुसरी आमच्या रोजच्या हातातली. भीतीपोटी मी ओळखीचीच धरली आणि अहवालात लिहिलं, "महिनाभराच्या चाचणीत एकदाही बंद पडली नाही."

सही करण्याआधी तो मी आमच्या वरिष्ठांना वाचून दाखवत होते. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. शेजारी टेबलावर त्याच सिस्टिमच्या चाचणीचा बोर्ड चालू होता. मध्येच त्याचा दिवा लुकलुकायचा थांबला, म्हणजे सिस्टिम अडकली. अण्णांनी माझ्याकडे बघतच हात लांब केला, बोर्ड परत सुरू करायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "व्हय, पुढं वाच."

मी वाचायचं थांबवलं.

"अण्णा, आत्ता काय केलंसा?"

"कुठं काय?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी घाबरत घाबरत वाकून बघितलं. बटणाचा लाल रंग आम्हा सगळ्यांच्या बोटांनी झिजून पार पांढरा पडला होता.