न फुगलेला दुसरा पॅनकेक

या ई-मेल गटातील परदेशस्थ मंडळींना एक विचारायचे आहे, कारण आज सकाळी माझा तर्क तव्यावर टिकला नाही.

अमेरिकेहून नौपाड्यात आलेली आमची नात आल्यापासून नाश्ता करत नाही. म्हणून आज सौ.ने ओट्स मिक्सरमध्ये दळून, त्यात दूध, अंडे व बेकिंग पावडर घालून पॅनकेक केला. तो छान फुगला. नातीने तो संपवून दुसरा मागितला.

दुसरा चपटा झाला. पीठ तेच, तवा तोच. फरक इतकाच की मध्ये सौ.ने पीठ ढवळले होते.

"ढवळल्याने हवा गेली," मी निष्कर्ष मांडला.

"अहो, धिरड्याचं पीठ दर वेळी ढवळूनच घालतात, नाहीतर खाली बसतं." तिने पळी माझ्या हाती दिली. "घाला तुम्हीच."

मी न ढवळता घातला. तो त्याहून चपटा निघाला.

"आजोबा, आजीचा बरा होता," म्हणत नातीने ताटली सरकवली.

ढवळणे हे कारण असेल, तर माझा का बसला? नसेल, तर तिचा का? कृपया आजच कळवा. उद्या नात पुन्हा मागेल की नाही, हेही मला आता खात्रीने सांगता येत नाही.