केरबाच्या बोटाखालची नाडी

मेडिकल कॉलेजात आम्हाला हृदय शिकवलं ते केरबाने. प्रोफेसर होते, पण ते हजेरीपुरते. लष्करातून सुटून आलेला केरबा सांगलीला आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. हृदयाचा ठोका रेघेत उमटावा म्हणून फिरत्या ड्रमवरच्या कागदावर काजळी धरायची, बेडूक तयार ठेवायचे, ही त्याची कामं. बेडकाच्या मानेतल्या नसेला विजेचा हलका झटका दिला की हृदय थांबायचं आणि काजळीवरची रेघ सपाट व्हायची. आमचा जीव खालीवर व्हायचा. केरबा बशीतला चहा पीत म्हणायचा, "मेलं न्हाई. रगतानं भरतंय. आता बगा." आणि झटका संपल्यावरचा ठोका खरोखरच उंच उमटायचा.

पाटणजवळच्या त्याच्या गावी थोरली बहीण बायडाबाई राहायची. विधवा, मूलबाळ नाही. भावकीत तिला कुणी हिंग लावून विचारत नसे. पण वर्षभरापासून तिच्या अंगात यायला लागलं होतं. अचानक धडधड सुरू व्हायची, अंग थरथरायचं, डोळे फिरायचे. मग त्याच भावकीतल्या बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या, तिची ओटी भरायच्या, पाया पडायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत केरबा रजेवर गेला, तेव्हाही तिच्या अंगात आलं. त्याने गर्दीतून घुसून तिची नाडी धरली. मोजता येऊ नये इतकी ती पळत होती, आणि सुतासारखी बारीक लागत होती. हृदयाला भरायलाच सवड नाही, तर बाहेर काय पडणार? ही अशीच पळत राहिली तर बहीण जाणार, हे त्याने ओळखलं. लोकांच्या शिव्या खात त्याने तिला उचलून एसटीत घातलं.

सांगलीला आमच्या कॉलेजच्या इस्पितळात पोचेपर्यंत धडधड थांबली नव्हती. आम्ही विद्यार्थी खाटेभोवती उभे होतो; वॉर्डातल्या आमच्या सरांनी तिच्या गळ्याच्या कडेला बोटं ठेवली. म्हणाले, "केरबा, नाडी धर. इथं दाबलं की तुझी ती बेडकाची नसच कामाला लागते."

त्यांनी दाबलं. नाडी थांबली.

हजारो रेघा सपाट होताना पाहिलेला केरबा पांढराफटक पडला. "भरतंय" हा शब्द काही त्याच्या तोंडून फुटेना. मी तरी म्हणायला हवा होता, पण मीही नुसता त्याच्या बोटांकडे बघत होतो. मग त्याच्या बोटाखाली एक ठोका आला, भरलेला, दणकट. मागून दुसरा, सावकाश. केरबा स्टूल ओढून बसला.

थोड्या वेळाने बायडाबाई म्हणाली, "ग्येली का रं देवी?"

"देवी न्हवती, आक्का. काळजाचं दुखणं हुतं. आता औषीद मिळंल."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मग आता माज्या पाया कोन पडनार, केरबा?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला तर लाज वाटली. केरबा उठला, पायातल्या वहाणा काढल्या, खाटेच्या पायथ्याशी गेला आणि बहिणीच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं.